कोअर वाढवले तरी प्रोग्राम हळूच: थांबण्यात गेलेला वेळ कसा शोधायचा

लक्षण असे असते. मांडवी-जुवारीच्या भरती-ओहोटीचे मॉडेल ४ कोअरवर छान चालते, ८ वर थोडे बरे, आणि १६ वर गेले की वेळ कमी व्हायचा थांबतो. कधी कधी उलट वाढतो. टॉप (चालू प्रोसेस आणि त्यांचा प्रोसेसर-वापर दाखवणारी आज्ञा) उघडून पाहावे तर सोळाच्या सोळा प्रोसेस १०० टक्क्यांवर. सगळे राबताहेत, मग वेग गेला कुठे?

१९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था गोव्यात आहे, खाड्या दाराशी आहेत, त्यामुळे पाण्याची आणि गाळाची मॉडेल इथल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत वारंवार येतात. प्रकल्प जमा करायचे दिवस आले की आमच्या संगणक प्रयोगशाळेत कोणीतरी हाच प्रश्न घेऊन येते: "सर, मशीनमध्ये काहीतरी बिघाड आहे." मशीन बहुतेक वेळा ठणठणीत असते. प्रश्न दर वर्षी तोच असल्याने तपासाचा क्रम इथे सविस्तर लिहितो आहे. उदाहरण खाडीच्या मॉडेलचे घेतले आहे, पण एमपीआय (वेगवेगळ्या प्रोसेसनी संदेश पाठवून काम वाटून घ्यायची पद्धत) किंवा ओपनएमपी (एकाच प्रोसेसमधल्या थ्रेडना काम वाटायची पद्धत) वापरणाऱ्या कोणत्याही प्रोग्रामला तो लागू पडतो.

टॉपमधले १०० टक्के म्हणजे काम नव्हे

इथेच बहुतेकांची दिशा चुकते, म्हणून हे आधी. एमपीआयची एखादी रँक, म्हणजे कामाचा एक तुकडा सांभाळणारी प्रोसेस, शेजाऱ्याच्या संदेशाची वाट पाहत असते तेव्हा ती झोपत नाही. संदेश आला का, आला का, असे ती सतत विचारत राहते, कारण झोपून पुन्हा जागे व्हायला लागणारा वेळ संदेशाच्या वेळेपेक्षा जास्त असतो. ऑपरेटिंग सिस्टिमला ही रँक पूर्ण व्यस्त दिसते. ओपनएमपीचे थ्रेडही बॅरियरवर, म्हणजे सगळे पोचेपर्यंत थांबायच्या जागी, काही काळ असेच फिरत राहतात. टॉपला काम आणि वाट पाहणे यांतला फरक कळत नाही.

फरक पाहायचा सोपा मार्ग म्हणजे लिनक्समधले पर्फ. ते २००९ पासून कर्नेलसोबत येते, वेगळे विकत घ्यावे लागत नाही. प्रोग्राम चालू असताना एका रँकचा प्रोसेस क्रमांक देऊन 'पर्फ टॉप' लावा आणि यादीत वर कोणती फंक्शन आहेत ते पाहा. तुमची स्वतःची फंक्शन वर असतील तर ती रँक खरोखर काम करते आहे. 'ओपल_प्रोग्रेस' किंवा 'यूसीपी_वर्कर_प्रोग्रेस' अशी नावे वर आली तर ती वाट पाहते आहे. जीसीसीच्या ओपनएमपीमध्ये 'गॉम्प_टीम_बॅरियर_वेट_एंड' हे नाव तीच खूण सांगते. परवानगी नाकारली गेली तर 'पर्फ_इव्हेंट_पॅरानॉइड' हे मूल्य कमी करून द्यायला प्रयोगशाळेच्या व्यवस्थापकाला सांगा. उबुंटूवर ते मुळातच कडक ठेवलेले असते.

जीप्रोफचे काय, असे बरेच जण विचारतात, कारण ते अभ्यासक्रमात असते. १९८२ चे हे साधन एकट्या प्रोग्रामसाठी चांगलेच होते. समांतर प्रोग्रामला मात्र ते दोन ठिकाणी कमी पडते. शेअर्ड लायब्ररीच्या आत गेलेला वेळ ते मोजत नाही, आणि एमपीआयचे वाट पाहणे नेमके तिथेच चालते. शिवाय सगळ्या रँक 'जीमॉन.आउट' या एकाच नावाची फाइल लिहायला धावतात आणि एकमेकींचे आकडे पुसतात. दुसरी अडचण 'जीमॉन_आउट_प्रीफिक्स' देऊन टळते, पहिली टळत नाही. म्हणून या कामासाठी मी जीप्रोफ सुचवत नाही.

मोठ्या साधनांआधी तीन तपासण्या

पहिली, कोअरची वाटणी. एकाच सर्व्हरवर दोन विद्यार्थी एकाच वेळी ओपन एमपीआयचे प्रोग्राम चालवतात तेव्हा मोठा घोटाळा होतो. प्रत्येक 'एमपीआयरन' (प्रोग्राम सुरू करणारी आज्ञा) आपल्या रँक ठरावीक कोअरना बांधू शकतो, आणि दुसऱ्या एमपीआयरनचे अस्तित्व त्याला माहीत नसते. त्यामुळे दोघेही मोजणी शून्य क्रमांकाच्या कोअरपासून सुरू करतात. पहिल्या काही कोअरवर दोघांची गर्दी, उरलेले कोअर रिकामे, आणि दोघेही म्हणतात की मशीन संथ झाले. '--रिपोर्ट-बाइंडिंग्ज' हा पर्याय दिला की कोणती रँक कुठे बसली ते छापून येते. त्यासोबत 'एलएसटोपो' चालवले की मशीनचे सॉकेट (प्रोसेसर बसतो ती जागा), कॅश आणि कोअर यांची आकृती मिळते. तात्पुरता उपाय म्हणजे दोघांनी '--सीपीयू-सेट' देऊन वेगवेगळे कोअर घेणे. कायमचा उपाय म्हणजे स्लर्मसारखा शेड्युलर, म्हणजे कोणाला कोणते कोअर द्यायचे ते ठरवणारा प्रोग्राम, बसवणे. दोन-चार मशीनच्या छोट्या प्रयोगशाळेलाही तो बसवावा, असे माझे ठाम मत आहे.

दुसरी तपासणी पायथन वापरणाऱ्यांसाठी. मल्टिप्रोसेसिंगने ८ प्रोसेस सुरू केल्या आणि प्रत्येकीत नमपायचे ओपनब्लास (आतली गणिताची लायब्ररी) आपले ८ थ्रेड उघडते, तर ८ कोअरवर ६४ थ्रेड भांडत बसतात. 'ओपनब्लास_नम_थ्रेड्स' आणि 'ओएमपी_नम_थ्रेड्स' १ करून पुन्हा मोजा. अनेकदा तक्रार इथेच मिटते.

तिसरी, प्रोग्राम कंपाइल कसा केला आहे. प्रोफाइल करायची, म्हणजे कुठे किती वेळ जातो ते मोजायचे, म्हणून काही जण ऑप्टिमायझेशन पूर्ण बंद करतात. मग मोजला जातो तो वेगळाच प्रोग्राम. 'ओ२' किंवा 'ओ३' तसेच ठेवा, सोबत फक्त '-जी' (फंक्शनची नावे आणि ओळी नोंदवणारा पर्याय) जोडा.

कोण कोणासाठी थांबते?

आता मूळ मुद्दा. समांतर प्रोग्रामबद्दल पहिला प्रश्न "कोणते फंक्शन जास्त वेळ घेते" हा नसून "कोण कोणासाठी थांबते" हा असायला हवा. थांबल्याचा वेळ जी रँक थांबली तिच्या नावावर पडतो. उशीर करणारी रँक अहवालात स्वच्छ दिसते. त्यामुळे विद्यार्थी 'एमपीआय_वेट' मध्ये ६० टक्के वेळ पाहतात, नेटवर्क संथ आहे असे ठरवतात आणि संदेशांचा कोड सुधारत आठवडे घालवतात. चवथीला वाड्यावरची मंडळी घरोघरी आरतीला जातात, तेव्हा शेवटचा माणूस पोचल्याशिवाय पुढच्या घरची आरती सुरू होत नाही. आधी पोचलेले अंगणात उभे राहिले, यात त्यांच्या चालण्याचा दोष नसतो. बॅरियर म्हणजे हेच.

हे पाहायला मी आधी एमपीआयपी हे साधन देतो. ते हलके आहे, 'एलडी_प्रीलोड' ने चालते, पुन्हा कंपाइल करावे लागत नाही, आणि शेवटी एक साधी मजकुराची फाइल लिहिते. तिच्यातला 'एमपीआय टाइम' हा तक्ता प्रत्येक रँकचा एकूण वेळ, एमपीआयमधला वेळ आणि त्याची टक्केवारी देतो. एकूण वेळेतून एमपीआयचा वेळ वजा केला की उरते ते त्या रँकचे खरे काम. सगळ्या रँकच्या कामाची सरासरी काढा आणि तिला सर्वांत जास्त काम असलेल्या रँकच्या आकड्याने भागा. समजा सरासरी ३० सेकंद आणि सर्वांत जास्त ६०, तर उत्तर ०.५. म्हणजे निम्मे मशीन वाया. हा आकडा ०.९ च्या वर असेल तर कामाची वाटणी ठीक आहे असे मी धरतो आणि दुसरीकडे शोधतो.

आपल्या खाडीच्या मॉडेलमध्ये हा आकडा का पडतो, ते नकाशाच सांगतो. मांडवी आणि जुवारीची मुखे, मधली तिसवाडी, दिवाडी आणि चोडण ही बेटे, दोन्ही नद्यांना जोडणारा कुंभारजुवे कालवा, आणि मांडवीत भरती जिथवर जाणवते तो सुमारे ५० किमी आतला गांजेपर्यंतचा पट्टा, एवढे सगळे एका आयतात बसवले आणि त्याचे ४ गुणिले ४ असे सोळा सारखे तुकडे केले, तर पश्चिमेकडच्या तुकड्यांत नुसता समुद्र येतो आणि पूर्वेकडच्यांत फोंडा-सत्तरीचे डोंगर. कोड फक्त पाण्याच्या घरांवर (जाळीच्या चौकटींवर) गणित करत असेल तर पूर्वेच्या रँक क्षणात मोकळ्या होतात आणि उरलेला वेळ पश्चिमेकडे डोळे लावून बसतात. एमपीआयपीच्या तक्त्यात पूर्वेकडच्या रँकच्या एमपीआयची टक्केवारी फुगलेली आणि पश्चिमेची बारीक दिसली, की हे निदान पक्के समजा.

उपाय दोन. एक, तुकडे जास्त आणि लहान करायचे, निव्वळ जमिनीचे तुकडे टाकून द्यायचे, आणि पाणी असलेलेच रँकना वाटायचे. नेमो आणि मॉम६ या महासागरी मॉडेलांत जमिनीचे तुकडे वगळायची सोय आहेच. दोन, पाण्याच्या घरांचा आलेख करून तो मेटिससारख्या प्रोग्रामने समान वाटायचा. जाळी त्रिकोणांची असेल तर दुसरा उपाय अधिक बरा पडतो.

इथे एक सावधगिरी. रॉम्ससारखे मॉडेल जमिनीच्या घरांवरही गणित करते आणि उत्तराला मास्कच्या (जमीन ०, पाणी १ अशा तक्त्याच्या) शून्याने गुणते. अशा वेळी सगळ्या रँकचे काम सारखे, तक्ता सुंदर, आकडा एकच्या जवळ. आणि तरीही डोंगरावर केलेले गणित फुकट जाते. हे वाया जाणे कोणतेही प्रोफाइलर दाखवत नाही, कारण त्याच्या लेखी तेही कामच. त्यासाठी तुमच्या जाळीत पाण्याची घरे किती टक्के आहेत, हे एकदा स्वतः मोजावे.

साधन बसवायची सोय नसेल तर एक जुनी युक्ती आहे आणि ती मला फार आवडते. शेजाऱ्यांशी देवाणघेवाण करण्याच्या ठीक आधी एक 'एमपीआय_बॅरियर' घाला आणि 'एमपीआय_डब्ल्यूटाइम' ने दोन वेळा वेगळ्या मोजा: बॅरियरमध्ये गेलेली आणि नंतरच्या देवाणघेवाणीत गेलेली. पहिली मोठी असेल तर वाटणी असमान आहे, दुसरी मोठी असेल तरच नेटवर्ककडे बघा. मोजून झाले की बॅरियर आठवणीने काढा.

बेरीज समान, तरीही वाट पाहणे: भरतीचा खेळ

सगळ्यांत चिवट प्रकरण हे. एमपीआयपीच्या हिशेबात प्रत्येक रँकचे काम जवळपास सारखे दिसते, आकडा ०.९५ येतो, आणि तरी एमपीआयमध्ये ३०-३५ टक्के वेळ जातो. इथे बरेच जण हात टेकतात.

कारण समजायला दोनच रँक घ्या. पहिल्या निम्म्या पायऱ्यांत (मॉडेल वेळेत जी पावले टाकते त्यांत) अ रँकला ३ एकक काम आणि ब रँकला १. उरलेल्या निम्म्यांत उलट. शेवटी दोघींची बेरीज सारखीच. पण प्रत्येक पायरीला जिला जास्त काम तिच्यासाठी दुसरी थांबते, म्हणजे प्रत्येक पायरी ३ एककांची होते. सरासरी काम २, लागलेला वेळ ३. एक तृतीयांश वेळ हवेत, आणि बेरजेच्या तक्त्यात त्याचा मागमूस नाही.

खाडीच्या मॉडेलमध्ये हे अगदी स्वाभाविक आहे. ओली-कोरडी होणारी घरे मॉडेलमध्ये घेतली असतील, म्हणजे चिखलाचे काठ, खारफुटी, बांध फुटलेली खाजने (खाडीकाठची बांध घातलेली शेते), तर पाणी चढते तसे काम चढते. आणि पाणी सगळीकडे एकाच वेळी चढत नाही. मुखाशी पूर्ण भरती होते तेव्हा आतल्या भागात ती अजून यायची असते. भरतीचे चक्र सुमारे १२ तास २५ मिनिटांचे. त्या चक्रात कामाचा भार नदीबरोबर आत-बाहेर सरकतो. पूर्ण दिवसाची बेरीज केली की सगळे सपाट.

याला ट्रेस लागतो, म्हणजे कोणत्या क्षणी कोणती रँक काय करत होती याची नोंद. मी स्कोर-पी वापरायला सांगतो. कंपाइल करताना कंपायलरच्या नावाआधी 'स्कोरपी' जोडायचे. त्यातून निघणारा ट्रेस व्हॅम्पिरमध्ये रंगीत पट्ट्यांसारखा पाहता येतो, पण व्हॅम्पिरला परवाना लागतो. स्कॅलास्का मोफत आहे आणि ती तोच ट्रेस वाचून थांबण्याची कारणे स्वतः शोधते: पाठवणारा उशिरा आला, बॅरियरवर थांबणे झाले, असे प्रकार ती नावानिशी वेगळे करते आणि उशीर मुळात कोणामुळे झाला तेही सांगते. वेळरेषा मोफत पाहायची असेल तर बार्सिलोनाच्या सुपरकॉम्प्युटिंग केंद्राचे एक्स्ट्रे आणि पॅरावर ही जोडी चांगली आहे. शिकायला थोडी अवघड, पण एकदा हात बसला की सोडवत नाही.

ट्रेस घेताना दोन गोष्टी सांभाळा. लहान लहान फंक्शन लाखो वेळा बोलावली जात असतील तर प्रत्येक वेळची नोंद प्रोग्रामलाच मंद करते आणि मग मोजमाप खोटे ठरते. 'स्कोरपी-स्कोर' आधी चालवा. ट्रेस किती मोठा होईल आणि कोणती फंक्शन गाळावीत हे तो सांगतो. साधन लावल्यावर एकूण वेळ फार वाढला तर त्या ट्रेसवरून निष्कर्ष काढू नका. दुसरे, पूर्ण दिवसाचा ट्रेस घेऊ नका. स्कोर-पीमध्ये नोंद चालू-बंद करायची सोय आहे. मुखाशी पूर्ण भरती, मधली ओहोटी आणि पूर्ण ओहोटी, अशा तीन वेळांच्या थोड्या थोड्या पायऱ्या नोंदवा. तीन चित्रे शेजारी ठेवली की भार सरकताना दिसतो. वाटणी करताना मग प्रत्येक रँकला मुखाकडचा थोडा आणि आतला थोडा भाग द्यावा, किंवा ठरावीक पायऱ्यांनी वाटणी पुन्हा करावी. पहिला मार्ग सोपा, पण देवाणघेवाण वाढते. लहान जाळीला तो परवडतो की नाही ते मोजूनच ठरेल.

कोणीच थांबत नाही, तरी वेग नाही

वाटणी समान, एमपीआयचा वेळ थोडा, आणि तरीही ८ नंतर वेग वाढत नाही? मग मेमरीकडे बघा. उथळ पाण्याच्या समीकरणांचा कोड गणित कमी करतो आणि आकडे उचलून ठेवणे जास्त. डीडीआर४-३२०० ची दोन चॅनल असलेल्या मशीनची मेमरी कागदावर सेकंदाला ५१.२ जीबी देते. एका घराच्या एका पायरीला ८ बाइटचे १० आकडे, म्हणजे ८० बाइट हलत असतील, तर सेकंदाला जास्तीत जास्त ६४ कोटी घरे. कोअर ४ असोत की १६, ही मर्यादा ओलांडता येत नाही. तुमच्या मशीनची खरी मर्यादा स्ट्रीम या चाचणीने मोजा, प्रोग्राम किती वापरतो ते लिकविड या साधनाने पाहा. दोन्ही आकडे जवळ आले तर कोअर वाढवणे व्यर्थ आहे; ॲरे कमी करा, लूप एकत्र करा, किंवा चालत असेल तिथे ८ ऐवजी ४ बाइटचे आकडे वापरा.

दोन सॉकेटच्या सर्व्हरवर आणखी एक गोष्ट. लिनक्स मेमरीचे पान सहसा त्या सॉकेटजवळ ठेवते ज्याच्या थ्रेडने त्याला प्रथम स्पर्श केला. ॲरेला शून्य भरणारा लूप एकट्या मुख्य थ्रेडने चालवला तर सगळी मेमरी एकाच सॉकेटकडे जाते आणि दुसऱ्याचे थ्रेड लांबून पाणी भरत राहतात. तो लूपही ओपनएमपीने, मुख्य लूपसारखीच वाटणी ठेवून चालवा, आणि 'ओएमपी_प्रोक_बाइंड' देऊन थ्रेड जागेवर बांधा.

ओपनएमपीत प्रत्येक थ्रेडची बेरीज एका छोट्या ॲरेत शेजारी-शेजारी ठेवायची सवयही महागात पडते. कॅशची एक ओळ ६४ बाइटची, म्हणजे तिच्यात ८ बाइटचे ८ आकडे. आठ थ्रेड एकाच ओळीवर लिहू लागले की ती ओळ कोअरांमध्ये चेंडूसारखी फिरते. 'पर्फ सी२सी' हे अचूक पकडते. उपाय मात्र साधा: 'रिडक्शन' (थ्रेडांच्या बेरजा एकत्र करायची ओपनएमपीचीच सोय) वापरा.

वेळ कधी सारखी येतच नाही तेव्हा

दुपारी घेतलेली वेळ आणि रात्री घेतलेली वेळ जुळत नसेल तर 'टर्बोस्टॅट' लावून कोअरची खरी फ्रिक्वेन्सी आणि तापमान बघा. आपल्याकडे मे महिन्यात वीज गेली, एसी बंद पडला आणि यूपीएसवर मशीन चालू राहिले, तर प्रोसेसर गरम होऊन स्वतःच वेग कमी करतो. दर थोड्या पायऱ्यांनी सगळी माहिती एकाच रँकवर गोळा करून नेटवर्कवरच्या होम फोल्डरमध्ये लिहिणेही असाच वर-खाली होणारा वेळ देते. फाइल लिहिणे बंद करून एकदा चालवा. फरक मोठा आला तर डार्शन (फाइल लिहिण्या-वाचण्याची नोंद ठेवणारे साधन) लावून पुढे शोधा.

पुन्हा तीच तक्रार आली तर तुलना करायला काहीतरी हातात हवे. प्रोग्राम ठीक चालला त्या दिवशीच १, २, ४, ८ आणि १६ कोअरच्या वेळा, एमपीआयपीची फाइल, बाइंडिंगचा अहवाल आणि कंपायलरचे पर्याय कोडच्याच फोल्डरमध्ये जपून ठेवा. प्रत्येक वेळ निदान तीनदा मोजा आणि मधला आकडा लिहा. विचारायला येताना हे चार कागद सोबत आणा. मग बोलणे थेट तक्त्यापासून सुरू करता येते.